मदत हवी आहे : यकृताच्या कर्करोग पेशींत हेपॅटायटिस-बीचा डीएनए कुठे जोडला गेलाय हे शोधायचंय

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्ट पीएलसी/पीआरएफ/५ या सेल लाइनवर (प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशींवर) आहे. यकृताच्या कर्करोगातून आलेल्या या पेशींच्या स्वतःच्या डीएनएतच हेपॅटायटिस-बीचे तुकडे जोडलेले आहेत. त्या एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन) सोडत राहतात, नवा विषाणू मात्र तयार करत नाहीत.

पेशींचा डीएनए हिंड-थ्री या एन्झाइमने कापून सदर्न ब्लॉट केला, म्हणजे तुकडे आकारानुसार वेगळे करून त्यांतले विषाणूचा डीएनए असलेले ओळखले. हे एन्झाइम सहसा विषाणूच्या डीएनएला कापत नाही. पट्टे बरेच आले, सगळे ३.२ केबीहून (३२०० बेसहून) मोठे. विषाणूचा अख्खा जीनोमच जेमतेम ३२०० बेसचा, म्हणजे शेजारचा मानवी डीएनए सोबत आलाय. तुलनेसाठी घेतलेल्या हेपजी-२ या दुसऱ्या यकृत-पेशींची लेन कोरी, तिच्यात हा विषाणू नाहीच. इथवर मजा आली!

आता जोड, म्हणजे विषाणूचा आणि मानवी डीएनए नेमके जिथे जुळतात ती जागा, हवाय. विषाणूचा डीएनए बऱ्याचदा डीआर१-डीआर२ या त्याच्यातल्या पुनरावृत्त तुकड्यांच्या आसपास तुटून जोडला जातो, म्हणून प्रायमर तिथल्याच, विषाणूच्या एक्स जीनच्या शेवटाकडे घेतलेत. सर म्हणतात इन्व्हर्स पीसीआर कर (कापलेला तुकडा गोल जोडून विषाणूच्या भागातून बाहेरच्या दिशेने वाचायचा), सीनियर ताई म्हणते अलू-पीसीआर (एक प्रायमर विषाणूवर, दुसरा मानवी डीएनएत जागोजागी आढळणाऱ्या अलू या तुकड्यावर). मला अलू-पीसीआरची धास्ती वाटते; जवळपास अलू नसेल तर जोड निसटणारच. होल जीनोम सिक्वेन्सिंग कृपया सुचवू नका, तेवढी ग्रँट नाही.

कुणी इन्व्हर्स पीसीआर हाताने केलंय का? चार बेस ओळखणारं कोणतं एन्झाइम घेतलंत, आणि लायगेशनला (तुकड्यांची टोकं जोडताना) डीएनए किती पातळ ठेवलात? टर्ट या मानवी जीनच्या प्रमोटरमध्ये (तो चालू करणाऱ्या भागात) थेट शोधावं का? रुग्णांच्या गाठींत ती जागा वारंवार सापडते, पण ही पडली सेल लाइन. बडोदा-अहमदाबादकडे कुणाकडे पॉझिटिव्ह कंट्रोल (जोड आधीच माहीत असलेला डीएनए) असेल तर मी येऊन घेऊन जाईन.