मदत हवी आहे: पूजेच्या वहीचे पहिले पान ख्रिस्ती दिवाणजीने लिहावे का?

सर्व बंधुभगिनींना प्रभू येशूच्या नावात सलाम. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हिशेब बाराही महिने संगणकावर चालत असला, तरी लक्ष्मीपूजनाला लाल कापडी बांधणीची एक रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची) वही पुजली जाते आणि तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’, शुभ-लाभ व कुंकवाचे स्वस्तिक दिवाणजीनेच काढावे, असा पेढीचा रिवाज आहे. जुने दिवाणजी निवृत्त झाल्याने यंदा ते काम माझ्याकडे आले आहे.

पूजेला न बसण्याची मुभा मालकांनी न मागताच दिली. माणूस सरळ आहे, वजनकाट्यात किंवा शेतकऱ्याच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) कधी खोट नसते, त्यामुळे नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये. आमच्या पाळकांनी निर्णय विवेकबुद्धीवर सोपवला, तर मंडळीतील वडीलजन रोमकरांस पत्र १२:२ (‘या युगाबरोबर समरूप होऊ नका’) दाखवून साफ नको म्हणतात. मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयीचे १ करिंथकरांस १०:२५-२८ मी वाचले आहे, पण तेथे प्रश्न खाण्याचा आहे, स्वतःच्या हाताने चिन्ह काढण्याचा नाही.

धन्याबरोबर रिम्मोन दैवताच्या देवळात वाकावे लागणाऱ्या, नुकताच विश्वासात आलेल्या अरामी सेनापती नामानाला अलीशा संदेष्ट्याने शांतीने निरोप दिला (२ राजे ५:१८-१९), तो आधार मला घेता येईल का, की तो नवख्या विश्वासणाऱ्यापुरताच आहे? आणि पहिले पान दुसऱ्या कोणी लिहावे, पाडव्यापासूनच्या नोंदी मी कराव्यात, असे सुचवायचे झाल्यास मालकांच्या श्रद्धेचा अवमान न होता ते कोणत्या शब्दांत सांगावे?