मदत हवी आहे : स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांत एलएफ/एचएफ वाढतच नाही!

रातकिडा : थीसिसचा डेटा आहे. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचे (झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकण्याचा आजार) 30 रुग्ण, 30 निरोगी. सकाळी 9 ला आडवं झोपवून 5 मिनिटं ईसीजी. सिम्पथेटिक (शरीराला ताणासाठी सज्ज करणाऱ्या नसांचं काम) वाढलेलं दिसायला हवं, पण एलएफ/एचएफ (ठोक्यांमधल्या अंतराच्या संथ आणि जलद चढउतारांचं गुणोत्तर) दोन्ही गटांत सारखंच. तिघांत तर एचएफ भरमसाट. परवा गाइडना दाखवायचंय. कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

मिलिव्होल्ट : सॉफ्टवेअर राहू द्या. एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो) किती? औषधं? श्वास मोजले?

रातकिडा : एएचआय सगळ्यांचा 15 च्या वर. गोळ्या बीपीच्या, नेहमीच्याच. श्वास नाही मोजले.

मिलिव्होल्ट : तिथेच घोळ. श्वास मिनिटाला 9 च्या खाली गेले की 0.15 हर्ट्झच्या, म्हणजे एलएफ-एचएफच्या सीमेच्या, खाली उतरतात आणि व्हेगसची (हृदय संथ करणाऱ्या नसेची) कमाई एलएफच्या खात्यात जमा होते. त्या तिघांचे आरआर आकडे (लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर, मिलिसेकंदांत) उघडा. 800, 810, 520, 1080, 805 असं दिसलं तर तो एक्टोपिक (वेळेआधी पडलेला) ठोका आणि त्यामागचा विराम. असे दोन-चार गाळायचे राहिले की एचएफ फुगलंच. आणि 'नेहमीच्या' गोळ्यांत मेटोप्रोलॉल (ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर) किती जणांना?

नाडीपरीक्षक : एलएफ/एचएफ म्हणजे सिम्पथेटिकचा तराजू, हे आधी डोक्यातून काढा. रात्रभर प्राणवायू खालीवर होऊन कॅरॉटिड बॉडी (मानेतला, रक्तातला प्राणवायू जोखणारा अवयव) चिडकी होते, बॅरोरिफ्लेक्स (बीपी चढलं की ठोके मंद करणारी यंत्रणा) मंदावतो. तोच मोजा. बोटावर ठोक्यागणिक बीपी घ्या, सलग 3 ठोके सिस्टॉलिक (वरचं बीपी) किमान 1 मिमीने चढत असताना आरआर किती लांबतो, त्याचा उतार काढा.

मिलिव्होल्ट : ते यंत्र परवापर्यंत आणणार कुठून? 5 सेकंद श्वास आत, 5 बाहेर, एक मिनिट. मिनिटाला कमाल-किमान ठोक्यांतला फरक 15 किंवा जास्त असेल तर ठीक, 10 किंवा कमी म्हणजे बिघाड. वय जुळवलंय ना?

श्वासानंद : सगळ्यांना महिनाभर भ्रामरी द्या, आकडे आपोआप सुधारतील.

नाडीपरीक्षक : आकडे सुधारायचे नाहीयेत हो, मोजायचेत!

गाढझोप : सीपॅपचा (झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या मशिनचा) मास्क डोळ्यांकडे गळत असेल तर पट्टे आवळू नका. आडवं होऊन, मशिन चालू ठेवून कुशन जरा ओढा आणि पुन्हा बसू द्या.

रातकिडा : मास्कचं कोणी विचारलंय? मेटोप्रोलॉल 11 जणांना आहे. बंद करायला सांगू?

मिलिव्होल्ट : अजिबात नको! एकदम बंद केलं तर बीपी उसळेल. 11 जण वेगळे काढून विश्लेषण करा. निरोगी गट कुठला?

रातकिडा : वॉर्डातले सिस्टर-ब्रदर आणि आमचे रेसिडेंट.

नाडीपरीक्षक : स्लीप स्टडी केली त्यांची?

रातकिडा : नाही. घोरत नाही म्हणाले.

नाडीपरीक्षक : स्वतःचं घोरणं स्वतःला ऐकू येतं होय? आणि सकाळी 9 ला म्हणजे नाइट करून आलेले?

रातकिडा : ...काही जण. चहा पिऊन.