कॉलमचा टाइप लायब्ररीनं ठरवायचा की आपण? (काकांचे २७ गुंठे)

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. बेळगावात शेतजमिनीच्या नोंदींचं एक छोटं सॉफ्टवेअर सांभाळतो, प्रोग्रॅम जावात, खाली डेटाबेस पोस्टग्रेस, आणि जावाचे क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जुळवून देणारी मधली लायब्ररी (तिलाच ओआरएम म्हणतात) हायबरनेट. माझं मत आधीच सांगतो. क्लासमधला प्रकार बघून ओआरएमनं कॉलमचा टाइप आपोआप ठरवायचा ही सोय पैशाच्या, मापाच्या आणि नावाच्या कॉलमला नकोच. टाइप हातानं लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम चालूच होऊ नये.

कारण सांगतो. आमच्याकडं क्षेत्र एकर-गुंठ्यात, ४० गुंठ्यांचा एकर, आणि २ एकर ३० गुंठे लिहायचं तर लोक सरळ २.३० लिहितात. क्लासमध्ये आधीच्या कुणीतरी ते डबल (साधा दशांश आकडा) ठेवलेलं, लायब्ररीनं लगेच फ्लोटचा कॉलम करून दिला, ज्याला २.३० आणि २.३ एकच, कुणाला काही विचारावं लागलं नाही. गेल्या महिन्यात खानापूरकडचे एक काका पावती घेऊन आले, त्यावर छापलेलं २.३. बोट ठेवून म्हणाले, माझे २७ गुंठे कुठं गेले? शेवटचं शून्य गळालं आणि कागदावर ३० गुंठ्यांचे ३ झाले. त्याच पावतीवर खाली २.३० आणि १.२० ची बेरीज ३.५ आलेली, खरी बेरीज ४ एकर १० गुंठे. काका पावती घडी घालून खिशात ठेवून गेले, मला त्या रात्री झोप आली नाही.

उद्यमबाग_कोडर

अण्णा, काकांचं ऐकून वाईट वाटलं, पण दोष भलत्यालाच द्यायला लागलाय तुम्ही. हातानं डेसिमल १०,२ (एकूण १० अंक, त्यातले २ दशांशानंतर) लिहिला असता तर छापून २.३० आलं असतं हे खरं, पण बेरीज तरी ३.५० च आली असती की! दशांश चिन्ह म्हणून जे दिसतंय ते दशांश नाहीच, ती दोन वेगळी मापं आहेत एकाशेजारी एक लिहिलेली, हे ना लायब्ररीला कळणार ना डेटाबेसला, ते क्लास लिहिणाऱ्यालाच कळायला पाहिजे होतं.

आणि डीफॉल्ट (आपण काही लिहिलं नाही तर लायब्ररी जे धरते ते) लिहिणारे लोक येडे नसतात. ओरॅकल डेटाबेसचं उदाहरण घ्या, तिथं व्हारचार२ ची (मजकुराच्या कॉलमची) लांबी मूळ सेटिंगला बाइटमध्ये मोजतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट खातं, 'खानापूर' मध्ये काना-उकार धरून ७ चिन्हं म्हणजे २१ बाइट. हातानं २५५ लिहिलं तर जेमतेम ८५ चिन्हं बसतात. हायबरनेट मात्र तिथं २५५ च्या पुढं 'चार' असं स्वतः लिहून देतं, म्हणजे बाइट नाही, अक्षरं मोज. मला हे पहिली २ वर्षं माहीतच नव्हतं, लायब्ररीला माहीत होतं. आता प्रत्येक कॉलम हातानं लिहायला लावलात तर नवीन पोरं कुठनंतरी कॉपी करून चिकटवणार, त्यात जास्त चुका.

निपाणीकर

मी डेटाबेसच्या बाजूचा माणूस, टिळकवाडीकरांच्या बाजूनं. ओरॅकलचं बरोबर आहे पण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसवर काय होतं तेही सांगा की. तिथं हेच हायबरनेट स्ट्रिंगला (मजकुराला) साधा व्हारचार २५५ देतं. आमच्याकडं उतारा कन्नडात आणि अर्ज मराठीत, दोन्ही लिप्यांना तिथं, कॉलम यूटीएफ-८ चा ठेवलेला नसेल तर, एनव्हारचार (सगळ्या लिप्या घेणारा टाइप) लागतो. फील्डवर नॅशनलाइज्ड असं लिहिलं नाही तर नाव आत जाताना एरर पण येत नाही, सरळ ???? साठवलं जातं. मी असं टेबल डोळ्यानं बघितलंय, मालकाच्या नावाचा अख्खा कॉलम प्रश्नचिन्हांनी भरलेला, आणि ते परत आणता येत नाही, मूळ अक्षरं गेली ती गेलीच. हां, मायक्रोसॉफ्टचं एंटिटी फ्रेमवर्क कोअर, तेही ओआरएमच, तिथं आपणहून एनव्हारचार देतं. म्हणजे एकच डेटाबेस, दोन लायब्ऱ्या, दोन डीफॉल्ट. मग भरवसा कुणावर ठेवायचा?

ऊस वजनाचं बघा. क्लासमध्ये बिगडेसिमल (जावातला नेमक्या दशांशाचा प्रकार) ठेवला आणि पुढं काही लिहिलं नाही तर हायबरनेट दशांशानंतर २ च स्थळं धरतं. वजनकाट्यावर १८.३४४ टन, टेबलात १८.३४. एका खेपेला ४ किलो. कधी शेतकऱ्याचे जाणार, कधी कारखान्याचे.

मलप्रभाकाठ

दोघांचंही वाचलं. मी पायथॉनवाली, त्यामुळं तिकडच्या जँगोचं सांगते, त्यात ओआरएम आतच असतं. तिथं डेसिमल फील्डला एकूण अंक किती आणि दशांशानंतर किती हे दिलं नाही तर तो तपासणीतच अडवतो, पुढं जाऊच देत नाही. पण बूलियन, तारीख वगैरेला काही विचारत नाही. जिथं अंदाज धोक्याचा तिथं अडवायचं, बाकी ठिकाणी वाट सोडायची, मला हे पटतं. प्रत्येक कॉलमला हट्ट नको.

पण उद्यमबागवाल्या दादांना एक विचारायचंय. डीफॉल्टच्या बाजूनं नेहमी सांगतात की उद्या डेटाबेस बदलला तरी कोड तोच चालेल. आम्ही लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस असं चालवत होतो. गावाचं नाव १० अक्षरांचं ठरवलेलं. एसक्यूलाइट व्हारचारची लांबी बघतच नाही, कितीही लांब नाव टाका, घेतं. सगळ्या टेस्ट पास. सर्व्हरवर पहिल्याच दिवशी लांब नावाची गावं नाकारली गेली आणि मी टेम्पोत बसून चिकोडीहून परत येताना फोनवर ते निस्तरत होते. कोड तोच होता, टाइपचा अर्थ दोन्हीकडं एक नव्हता.

उद्यमबाग_कोडर

एसक्यूलाइटचं मान्य. जो डेटाबेस खरा वापरायचा त्याच्यावरच टेस्ट करायची, त्यात वाद नाही. उसाच्या वजनाचंही मान्य, तिथं ३ स्थळं लिहायलाच पाहिजेत.

पण गुंठ्याचा खरा उपाय ओआरएममध्येच आहे. 'क्षेत्र' नावाचा वेगळा क्लास करा, आत एकर, गुंठे, आणे. एका गुंठ्याचे १६ आणे, म्हणजे सगळं आण्यात पूर्णांक ठेवता येतं. २ एकर ३० गुंठे म्हणजे ११० गुंठे, १७६० आणे. अ‍ॅट्रिब्यूट कन्व्हर्टर (क्लासमधलं माप कॉलमच्या आकड्यात आणि परत बदलणारा कोड) लिहा, २० ओळींचं काम, टेबलात पूर्णांक जाईल, बेरीज कधी चुकणार नाही, छापताना परत २-३०-०. लायब्ररी फेकून द्यायची नाही, तिला आपलं माप शिकवायचं.

निपाणीकर

उपाय चांगला. फक्त कॉलमचं नाव नुसतं 'क्षेत्र' ठेवू नका, 'क्षेत्र_आणे' ठेवा. कन्व्हर्टर जावात राहतो, रिपोर्टवाला सरळ एसक्यूएल लिहितो, त्याला १७६० दिसलं तर तो ते चौरस फूट समजेल नाहीतर आणखी काही. आणि ऋण आकडा येऊ नये म्हणून चेक कन्स्ट्रेंट (चुकीचा आकडा नाकारणारा नियम) टेबलावरच टाका.

टिळकवाडीकर

कन्व्हर्टरचं पटलं, या आठवड्यात करतो, निपाणीकरांनी सांगितलेल्या नावानंच. बेरजेचा दोष माझा म्हणजे आमच्या क्लासचा होता हे पण मान्य करतो. पण अडवणारा कुणी असता तर तो डबल लिहिणारा निदान एकदा थांबला असता, तेवढं माझं मत अजून तेच आहे. मलप्रभाकाठ ताईंनी जँगोचं सांगितलं तसंच मला हायबरनेटमध्ये पाहिजे.

आता जुन्या ओळींचं बघायचंय. आकडे भरणाऱ्यांनी काही ठिकाणी ३ गुंठ्यांना २.०३ लिहिलंय, काही ठिकाणी २.३, आणि ३० गुंठ्यांचं २.३० पण टेबलात जाऊन २.३ च झालेलं. एकदा फ्लोटमध्ये गेल्यावर कुठलं कुठलं ते तिथनं कळायचा मार्गच नाही. म्हणून सोमवारपासून उतारे काढून एकेक ओळ ताडून बघायला बसतोय. काकांची ओळ पहिली.