स्वतःचा ओएनटी लावल्यापासून नेट तुटतं. कंपनी म्हणते लाईन ओके, दोष तुमच्या डब्यात

सिडकोकर

नाशिक, सिडको. स्थानिक केबलवाल्याकडून फायबर घेतलंय, २०० एमबीपीएसचा प्लॅन, पीपीपीओई लॉगिन (युजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडण्याची पद्धत). कंपनीचा भाड्याचा ओएनटी (फायबरमधला प्रकाश घेऊन नेट देणारा डबा) परत केला आणि स्वतःचा एक्सपॉन (दोन्ही प्रचलित फायबर पद्धतींवर चालणारा) ओएनटी बसवला, मागे वेगळा ड्युअल बँड राउटर. सिरीयल नंबर कळवला, त्यांनी रजिस्टर करून दिला, नेट सुरू झालं.

तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा तुटतं. लॉसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा काही सेकंद लुकलुकतो, मिनिटभरात पॉनचा (कंपनीशी जुळल्याचा) दिवा स्थिर होतो, पण नेट परत यायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ लॉगमध्ये 'पीपीपी ऑथेंटिकेशन फेल' येत राहतं. पासवर्ड बदललेला नाही. स्पीड ९४ च्या वर जात नाही. बँकेची साइट अर्धी उघडून अडकते. घरचा सीसीटीव्ही बाहेरून बघायचाय, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारी जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) करूनही दिसत नाही.

ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर (येणारा प्रकाश) −२७.४, टीएक्स (जाणारा) २.३. पीपीपीओई ओएनटीमध्येच टाकलंय, एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) हाताने १५०० केलाय. राउटरला वॅनवर (बाहेरच्या बाजूला) १९२.१६८.१.५ मिळतो. कंपनीचं उत्तर एकच: आमच्याकडून लाईन ओके आहे, आमचा डबा परत लावा. दोष नक्की कुठे, हे कसं ठरवायचं?

पिगटेल

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी −२७.४ बघा. बी प्लस या नेहमीच्या वर्गातल्या ओएनटीची येणाऱ्या प्रकाशाची खालची मर्यादा −२७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप, आकडा जितका उणे तितका प्रकाश कमी). तुम्ही त्याच्याही खाली आहात. डबा थोडा सरस असेल म्हणून चालतोय, पण वायर जरा हलली, कपाटाचं दार लागलं की लॉस येणारच.

किती यायला हवं, त्याचा हिशेब घरी बसून करता येतो. ओएलटीतून (कंपनीकडचा मुख्य डबा) साधारण +४ निघतं धरा. वाटेत १:८ चे दोन स्प्लिटर (प्रकाश आठ वाटांत विभागणारे) असतील तर प्रत्येकी साडेदहा, मिळून २१ डीबी जातात. दोन किलोमीटर फायबरचे अर्धा-पाऊण डीबी, कनेक्टर आणि जॉइंट मिळून दीड. म्हणजे घरात −१९ च्या आसपास पोचायला हवं. −२३ पर्यंत मी कुणाला काळजी करायला सांगणार नाही. तुमच्याकडे आठेक डीबी कुठेतरी गळतायत. ३ डीबी म्हणजे निम्मा प्रकाश गेला, ६ म्हणजे पाव उरला, ९ म्हणजे आठवा हिस्सा. किरकोळ गळती नाही ही.

नव्या ओएनटीच्या फायबर पोर्टचा रंग कोणता, आणि कंपनीच्या वायरीच्या टोकाला असलेल्या कनेक्टरचा कोणता? दोन्ही बघून सांगा.

सिडकोकर

पोर्ट निळा आहे, वायरीचा कनेक्टर हिरवा. खटकन बसला म्हणून तसाच लावला.

पिगटेल

सापडलं. निदान मोठा भाग तरी.

हिरवा म्हणजे एपीसी. त्याचं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं असतं. निळा म्हणजे यूपीसी, त्याचं टोक सरळ. प्लॅस्टिकचं घर दोघांचं सारखंच, त्यामुळे एकमेकांत बसतात, पण आत काचेला काच टेकत नाही, मध्ये पाचरीसारखी हवेची फट राहते. तिथे तीन-चार डीबी किंवा त्याहून जास्त जातात आणि उलटा परावर्तित प्रकाशही वाढतो. शिवाय तिरक्या टोकाची कड सरळ टोकावर घासून दोन्हींवर चरे पडतात, म्हणून हे जास्त दिवस चालू ठेवू नका.

कंपनीची वायर कापू नका आणि लाइनमनला कनेक्टर बदलायलाही लावू नका. उद्या कनेक्शन बदललं तर हिरवाच लागेल. एक हिरवा एससी-एपीसी कपलर (दोन टोकं जोडणारा तुकडा, एससी हा कनेक्टरचा प्रकार) घ्या आणि एक मीटरची सिंगल मोड पॅचकॉर्ड (छोटी तयार फायबर वायर), एका टोकाला एससी-एपीसी, दुसऱ्या टोकाला एससी-यूपीसी. कंपनीचा हिरवा कपलरच्या एका बाजूला, पॅचकॉर्डचा हिरवा दुसऱ्या बाजूला, निळं टोक ओएनटीत. जास्तीच्या जोडाचे ०.३ डीबी जातील, ते सहज परवडतात. पॅचकॉर्ड पिवळ्या आवरणाची बघा. दुकानदार नारिंगी किंवा फिरोजी रंगाची काढून देत असेल तर ती मल्टिमोड असते, इथे चालणार नाही.

जोडण्याआधी टोकं पुसा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, एकाच दिशेने एकदा ओढायचं. तोंडाने फुंकर अजिबात नको, वाफ काचेवर बसते. सदऱ्याला तर मुळीच पुसू नका. आणि वायरीच्या टोकात डोळा लावून 'लाईट येतेय का' बघू नका. १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही.

मग ओएनटीपासून दरवाजापर्यंत वायर हाताने चाचपत जा. टीव्हीच्या मागे प्लॅस्टिक टायने आवळलेलं वेटोळं, खिडकीच्या चौकटीत दबलेली वायर, खिळ्याच्या क्लिपखाली चपटी झालेली जागा. साध्या फायबरच्या वेटोळ्याची त्रिज्या ३ सेंटीमीटरपेक्षा कमी नको. ओएनटीचं पान उघडं ठेवून एकेक जागा सैल करा आणि आकडा बघत राहा. सैल करताच एक-दीड डीबी परत आले, तर दोष तिथेच.

रात्रपाळी

कंपनी 'लाईन ओके' का म्हणते ते सांगतो, म्हणजे भांडण टळेल. ओएलटीच्या स्क्रीनवर त्यांना दिसते ती तुमच्याकडून वर जाणाऱ्या प्रकाशाची पातळी, १३१० नॅनोमीटरची. खाली येणारा प्रकाश १४९० चा. वायर वाकली की लांब तरंगलांबीला जास्त फटका बसतो, आणि ओएलटीला ओएनटीपेक्षा अंमळ मंद प्रकाशही कळतो. त्यामुळे त्यांच्याकडे आकडा बरा दिसतो आणि तुमचा डबा धडपडत असतो. फोनवर 'नेट चालत नाही' म्हणू नका. 'ओएनटीवर आरएक्स −२७.४ आहे, तुमच्या ओएलटीवर या सिरीयलचा आरएक्स किती दिसतो आणि शेजारच्या ग्राहकांचा किती?' असं विचारा. त्याच स्प्लिटरवरचे बाकीचे −१९ वर असतील तर दोष तुमच्या ड्रॉप केबलमध्ये (स्प्लिटरपासून घरापर्यंतची वायर) किंवा घरात. सगळेच −२६ वर असतील तर स्प्लिटरच्या आधी, म्हणजे त्यांच्याकडे.

आता ती आठ-दहा मिनिटं. ऑथेंटिकेशन फेल म्हणजे पासवर्ड चुकला असंच नसतं. बहुतेक ठिकाणी एका युजरनेमला एकच सेशन चालू देतात. प्रकाश अचानक गेला की तुमचा ओएनटी निरोप न घेताच गायब होतो, सर्व्हरच्या खात्यात जुनं सेशन तसंच उघडं राहतं. तुम्ही परत लॉगिन करता, तो म्हणतो हा तर आधीच आत आहे. जुन्याची मुदत संपली की दार उघडतं. घाई असेल तर फोन करून 'माझं सेशन क्लिअर करा' एवढंच सांगा, त्यांना अर्ध्या मिनिटाचं काम. डबा बंद करायचा असेल तेव्हाही आधी पानावरून डिस्कनेक्ट दाबा, मग प्लग काढा.

याच्याशी गल्लत होणारी दुसरी गोष्ट म्हणजे मॅक बाइंडिंग (मॅक म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक). राउटर बदलला की वॅनचा मॅक बदलतो आणि काही कंपन्या जुन्या मॅकलाच आत घेतात. पण मग कधीच लागत नाही. दहा मिनिटांनी आपोआप लागत असेल तर ते मॅकचं नव्हे, सेशनचं.

रचनाही बदला. आत्ता ओएनटी एक नॅट (घरातले पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणं) करतोय, राउटर दुसरं. ओएनटीला ब्रिज करा, म्हणजे तो नुसता सिग्नल पुढे देईल आणि लॉगिन राउटर करेल: वॅनमधलं आहे ते पीपीपीओई कनेक्शन काढायचं, नवीन ब्रिज प्रकारचं करायचं, व्हीलॅन आयडी (एकाच वायरीतल्या वेगळ्या वाटेचा क्रमांक) कंपनीने दिलेला तोच, आणि खाली पोर्ट बाइंडिंगमध्ये (कनेक्शन कुठल्या पोर्टला द्यायचं ते) लॅन-१ वर टिक. ही टिक हमखास राहते. ती राहिली की पॉनचा दिवा छान हिरवा असतो आणि राउटर मात्र 'सर्व्हरकडून उत्तर नाही' म्हणत बसतो. बदल करण्याआधी त्या पानाचे फोटो काढून ठेवा, व्हीलॅन आकडा पुसला गेला तर परत मागत बसावं लागतं. मग युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये. व्हीलॅन एकाच ठिकाणी लावायचा, ओएनटीत लावला असेल तर राउटरमध्ये परत नाही.

एमटीयू १५०० कुणी सुचवला माहीत नाही, पण पीपीपीओईवर तो १४९२ असतो. ८ बाइट पीपीपीओईचं स्वतःचं ओझं. मोठी पॅकेट वाटेत गळतात, छोटी पोचतात, म्हणून साइटचं डोकं दिसतं आणि धड येत नाही. विंडोजमध्ये १.१.१.१ ला पिंग करा, 'तुकडे करू नका' हा पर्याय लावून, माप १४६४. त्यात २८ मिळवले की १४९२. हे गेलं आणि १४६५ ला 'तुकडे करावे लागतील' असा संदेश आला, तर बरोबर.

आरजे४५

९४ हा आकडा दिसला की प्रकाशाकडे बघायचंच नाही. १०० एमबीपीएसच्या इथरनेट दुव्यावर ओझं वजा जाता एवढंच उरतं. ओएनटी आणि राउटरमधला दुवा १०० वर अडकलाय.

ओएनटीच्या खोक्यावर काय छापलंय बघा. 'एक जीई, तीन एफई' असेल तर फक्त लॅन-१ गिगाबिट असतो, बाकी तीन १०० चे. बऱ्याच स्वस्त एक्सपॉनमध्ये असंच असतं. लॅन-१ मध्येच असेल तर केबल तपासा. १०० ला दोन जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर दुवा निमूटपणे १०० वर येतो, चूक कुठेच दाखवत नाही. नवीन प्लग मारणार असाल तर दोन्ही टोकांना क्रम एकच: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

राउटर निर्दोष आहे हे दाखवायचं असेल तर ब्रिज केल्यावर लॅपटॉप सरळ ओएनटीला केबलने लावा आणि विंडोजमधूनच पीपीपीओई डायल करा. एरर ६५१ आला तर पलीकडून उत्तरच येत नाही, व्हीलॅन, बाइंडिंग किंवा लाईन बघा. ६९१ आला तर उत्तर येतंय पण नकार आहे, म्हणजे पासवर्ड, अडकलेलं सेशन किंवा मॅक. लागलं आणि पूर्ण स्पीड मिळाला तर ओएनटी आणि लाईन दोन्ही सुटले, राउटरकडे वळा. ही चाचणी वायफायवर नको, आणि लॅपटॉपचं पोर्ट गिगाबिट आहे ना ते आधी बघा.

सिडकोकर

केबल लॅन-२ मध्ये होती, लॅन-१ मध्ये लावली. कपलर आणि पॅचकॉर्ड उद्या मिळेल. ब्रिज केलं, राउटरवर आता वॅन आयपी १००.८१ ने सुरू होणारा दिसतो. सीसीटीव्ही अजून बाहेरून नाही.

रात्रपाळी

१००.६४ ते १००.१२७ मधला कुठलाही पत्ता म्हणजे सीजीनॅट. तो पत्ता कंपनीच्या आतला आहे, बाहेरच्या जगाला माहीतच नाही. पोर्ट फॉरवर्ड कितीही अचूक केलं तरी बाहेरची हाक तुमच्या दारापर्यंत येत नाही. पब्लिक स्टॅटिक आयपी (बाहेरून दिसणारा कायमचा पत्ता) विकत घ्या, नाहीतर डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) स्वतःची पीटूपी सोय (निर्मात्याच्या सर्व्हरमार्फत जोडणी) वापरा. कंपनी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) देत असेल तर तोही रस्ता आहे, पण तेव्हा राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त त्या एका यंत्रापुरती वाट उघडा. आणि कुठलाही रस्ता घ्या, डीव्हीआरचा मूळ पासवर्ड आधी बदला.

सिडकोकर

कपलर लावल्यावर −२२.३. टीव्ही युनिटच्या मागे टायने आवळलेलं वेटोळं होतं, ते सोडल्यावर −२०.८. दोन दिवस एकदाही लॉस नाही. एमटीयू १४९२ केला, बँकेची साइट लगेच उघडते. लॅपटॉप थेट लावून २०४, राउटरमागे केबलवर २०१.

एकच राहिलं. ज्या दिवसांत तुटत होतं त्यांचं काही करता येतं का? आणि लँडलाइनही घ्यायचा विचार आहे, हाच ओएनटी चालेल?

पिगटेल

त्या दिवसांसाठी भांडू नका, मोठं कारण निळ्या-हिरव्याचं होतं आणि ते तुमच्या बाजूचं. पण पुढे लाईनचा दोष आला तर फक्त केबलवाल्याच्या मोबाइलवर सांगून थांबू नका. बिलावर ज्या परवानाधारक कंपनीचं नाव आहे तिच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, पण डॉकेट नंबरशिवाय अपील पुढे सरकत नाही. तक्रारीत वेळ, आरएक्सचा आकडा आणि लॅपटॉप थेट लावून आलेला एरर कोड, एवढं लिहा.

लँडलाइनला हा ओएनटी बहुधा चालणार नाही. आधी त्यावर फोनचं पोर्ट आहे का बघा, आरजे-११, इथरनेटपेक्षा अरुंद. असलं तरी आवाजाची सेटिंग कंपनी ओएलटीतून किंवा टीआर-०६९ ने (डबे दुरून सेट करण्याची पद्धत) स्वतःच्या डब्यात भरते आणि सिपचा (नेटवरच्या फोनचा) पासवर्ड सहसा हातात देत नाही. पैसे भरण्याआधी लेखी विचारा: 'माझ्या ओएनटीवर व्हॉइस देणार का, की तुमचा डबा लागेल?' त्यांचा डबा लागणार असेल तर तो ब्रिजमध्ये मागा. राउटर तुमचाच राहील, पीपीपीओई त्यातच. वॅनचा मॅकही तोच राहतो, त्यामुळे ती अडचण येणार नाही.

आणि आजचा −२०.८ हा आकडा तारखेसह ओएनटीवर चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी लाइनमन आला की त्याला आधी तोच दाखवा.