भिगवणचे फ्लेमिंगो पांढरेफटक का येतायत?

चहाबाज: मंडळी, रविवारी भिगवणला गेलो होतो, कुंभारगावातून होडी घेतली, फ्लेमिंगो भरपूर होते पण घरी येऊन बघतो तर सगळे पांढरेफटक, पिसं दिसतच नाहीत, आणि उडतानाचे तर नुसते हललेले. ७०-३०० लेन्स, सगळं ऑटोवर. लेन्स बदलू का?

पाणकावळा: लेन्स राहू दे रे. मागचं उजनी धरणाचं पाणी गडद, कॅमेरा त्याला उजळवायला जातो आणि फोटोत पक्षी जळतात, म्हणजे पांढरेफटक होतात. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) -०.७ किंवा -१ कर, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ. उडताना शटर १/२००० सेकंद तरी हवं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

जुनंखोड: होडीवाल्या दादांना इंजिन लांबच बंद करायला सांगा. आमच्या शेजारच्या होडीतल्या एकाने थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवल्या, त्याला फोटो मिळाला पण पक्षी परत जवळ आलेच नाहीत, असलं डोकं फिरलं! उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं धरणात बुडालेलं देऊळही बघा, सकाळच्या तिरप्या उन्हात दगडावरचं कोरीवकाम मस्त उठतं.

चहाबाज: -१ म्हणजे ते प्लस-मायनसचं बटण ना? मी आजवर त्याला हातच लावला नाही 😄