मदत हवी आहे: एकच देव मानला की असहिष्णुता येतेच का?

नमस्कार मंडळी. रंकाळ्यावर सकाळी फिरून झालं की आमचा कट्टा भरतो. परवा एका मित्रानं ठासून सांगितलं, "एकच देव मानणारे धर्म मुळातच हिंसक. बाकीचे देव खोटे ठरवले की तलवार आलीच." चहा गार झाला, वाद काही मिटला नाही.

मुद्दा अगदीच पोकळ नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1757 मध्येच अनेक देव मानणारे जास्त सहिष्णु असतात असं मांडलं होतं. रोमन सम्राट थिओडोसियसनं चौथ्या शतकाच्या अखेरीस जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली, हेही खरं. पण त्याच रोमनं, अनेक देव मानत असताना, इ.स. 303 पासून ख्रिश्चनांचा मोठा छळ केला होता, तो कशात धरायचा? उलट ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रोमानियातला प्रदेश) 1568 साली तोर्डा गावी भरलेल्या राज्यसभेनं ख्रिश्चन उपदेशकांना आपापल्या समजुतीप्रमाणे शिकवायची मोकळीक दिली. ते सगळे एकेश्वरवादीच की!

आणि आपल्याकडचं बघा. कोल्हापूरच्या बाबूजमाल दर्ग्यातल्या मोहरमच्या पंजांपुढे हिंदूही हात जोडतात. शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं. मग हे श्रद्धेचं काम की राज्यकर्त्याचं? मला तरी सत्ता आणि जमीन हेच खरं कारण वाटतं, पण पुरावा नीट मांडता येत नाही.

धर्म आणि सत्ता वेगळे करून बघणारं काही मराठीत वाचलंय का कुणी? इंग्रजी वाचताना माझी दमछाक होते. माझ्या मताविरुद्धचं असेल तर आधी सांगा. रविवारी कट्ट्यावर परत गाठ आहे.