परवान्याचे रिव्हॉल्वर कमरेला लावून निर्धास्तपणे कसे वावरावे?

अडतवाला, निपाणी:

नमस्कार. आमची निपाणीत तंबाखूची अडत आहे. हंगामात शेतकऱ्यांना द्यायची रोख रक्कम घेऊन संध्याकाळी खेड्यापाड्यांत जावे लागते, म्हणून वडिलांच्या आग्रहावरून मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला होता. परवाना मिळाला आणि कानपूरला तयार झालेले .३२ बोअरचे, सहा काडतुसांचे रिव्हॉल्वरही घरी आले. आता अडचण वेगळीच आहे. ते कमरेला लावून बाजारपेठेतून चालू लागलो की प्रत्येक जण माझ्या कमरेकडेच पाहतो आहे असे वाटते आणि दर दहा पावलांनी हात नकळत शर्टाखाली जाऊन चाचपतो. पेढीवर गादीवर मांडी घालून बसलो की नळी मांडीत रुतते आणि मूठ लोडाला अडकून वर येते. होल्स्टर, म्हणजे शस्त्र ठेवायचे म्यान, साधे कापडी आहे. शिवाय आमचे निम्मे नातलग सीमेपलीकडे महाराष्ट्रात, कागल आणि गडहिंग्लजकडे असल्यामुळे आठवड्यातून एकदा तरी तिकडे जाणे होतेच. शस्त्र कोणाच्या नजरेस येऊ नये आणि माझ्याही डोक्यावर त्याचे ओझे राहू नये, यासाठी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव:

आधी एक कबुली देतो. सैन्यात शस्त्र उघडे असते, त्यामुळे ते लपवून वागवण्याची विद्या मला तिथे मिळाली नाही. निवृत्तीनंतर रोख रकमेच्या गाडीवर सुरक्षेचे काम केले तेव्हा ती चुका करत शिकलो.

लोक तुमच्या कमरेकडे पाहत नाहीत, पण हात पुन्हा पुन्हा एकाच जागी गेला तर मात्र पाहू लागतात. हात जातो, कारण होल्स्टर हलते आणि त्यावर मनाचा भरवसा बसत नाही. तेव्हा ते कापडी होल्स्टर काढून टाका. नेमक्या त्याच रिव्हॉल्वरच्या मापाचे, चाप पूर्णपणे झाकणारे आणि शस्त्र बाहेर काढल्यावरही तोंड न मिटणारे ताठ चामड्याचे होल्स्टर घ्या. त्याच्या जोडीला दुहेरी चामड्याचा, दीड इंच रुंदीचा पट्टा हवाच, कारण नेहमीचा पातळ पट्टा वजनाने खाली ओढला जातो आणि मूठ अंगापासून सुटते. अथणी-निपाणीकडे चपलांचे काम करणारे कसबी कारागीर आहेत, त्यांच्याकडून असा पट्टा सहज होईल.

कपड्यांतून नळी कधी उमटत नाही. उमटते ती मूठ, आणि रिव्हॉल्वर असल्यास चक्रीचा, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागाचा, फुगवटा. म्हणून शस्त्र उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, मूठ थोडी पुढे झुकलेली, असे बसवावे. पातळ पांढरा नेहरू शर्ट घामाने अंगाला चिकटला की सगळे चित्र बाहेर येते. त्याऐवजी गडद किंवा बारीक चौकडीचा, एक माप सैल शर्ट बाहेर सोडावा. खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेतून वाकू नये, गुडघ्यांत वाकावे.

मांडी घालून बसण्याची अडचण परदेशी सल्ल्यांत सापडत नाही, कारण ती मंडळी खुर्चीवर बसतात. माझ्या मते पेढीवर शस्त्र अंगावर ठेवण्याचे कारणच नाही. ते होल्स्टरसकट काढून तिजोरीत कुलूपबंद ठेवा. होल्स्टरसकट असे मुद्दाम म्हणतो, कारण शस्त्र होल्स्टरमधून दिवसातून चार वेळा काढले-घातले की चापाला बोट किंवा शर्टाचे टोक लागण्याची संधी तितकीच वाढते.

पहिले दोन आठवडे घरातच सराव करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, चक्रीची सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग रिकामे शस्त्र लावून जिने चढा, जेवायला बसा, मोटारसायकलवर बसा. जुन्या बनावटीची काही रिव्हॉल्वरे अशी असतात की हातातून पडल्यास घोड्यावरचा (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या मागच्या भागावरचा) आघात थेट काडतुसावर जातो. तुमचे तसे असेल तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे.

वकील, खानापूर:

सुभेदारसाहेबांनी अंगावरचे सांगितले, मी कागदावरचे सांगते. शस्त्र झाकून नेणे म्हणजे काहीतरी चोरटे करणे, अशी समजूत तुमच्या मनात असेल तर ती काढून टाका. शस्त्र नियम २०१६ मधील नियम ३२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि नेणाऱ्याच्या प्रत्यक्ष ताब्यात असले पाहिजे; ते दाखवणे आणि उगारणे यांस बंदी आहे. म्हणजे तुम्ही जे करू पाहता तेच कायद्याला अपेक्षित आहे.

खरी काळजी करायची ती परवान्यावरच्या क्षेत्राच्या रकान्याची. तिथे केवळ कर्नाटक राज्य लिहिले असेल तर कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला पोहोचताच तुमचा परवाना निरुपयोगी ठरतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३० प्रमाणे शर्तभंगाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण प्रकरण विनापरवाना शस्त्र बाळगल्याचे मानले गेले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे कैदेची तरतूद लागू होते. सीमाभागात आपले सोयरसंबंध दोन्हीकडे असल्यामुळे ही रेघ आपल्याला जाणवत नाही, परंतु परवान्याला ती जाणवते. क्षेत्र वाढवून घेण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. तोवर कागलला जाताना शस्त्र घरी ठेवावे.

आमच्या तालुक्यासंबंधी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हेम्माडगामार्गे जाणारा रस्ता भीमगड अभयारण्यातून जातो, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही, मग परवाना कितीही व्यापक असो. गोव्याला अनमोड घाटातून उतरतानाही पुढे अभयारण्यच लागते. कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपली नोंदही करावी लागते.

निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, सुमारास किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातील विधिमंडळ अधिवेशनाच्या वेळी जमावबंदी लागू झाल्यास त्यात शस्त्र बाळगण्यावरही निर्बंध असू शकतात. आदेश कन्नडमध्ये असतो, पण "मला वाचता आले नाही" ही सबब चालत नाही. वाचता येत नसेल तर त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

पोलिसांनी गाडी अडवली तर हात समोर ठेवून आधी तोंडाने सांगावे की माझ्याकडे परवान्याचे शस्त्र आहे, आणि ते सांगतील त्याप्रमाणे करावे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे परवाना मागण्याचा त्यांना अधिकार आहे. दाखवायचा तो परवाना, शस्त्र आपण होऊन बाहेर काढायचे नाही.

सराफ, शहापूर:

मी बरीच वर्षे रिव्हॉल्वर खांद्याच्या लहान बॅगेत नेत होतो आणि त्याइतकी सोयीची पद्धत नाही असे सगळ्यांना सांगत असे. शर्ट कसाही घाला, मांडी घालून बसा, काही अडत नाही. एके दिवशी हॉटेलात जेवून हात धुवायला उठलो आणि बॅग खुर्चीलाच राहिली. परत येईपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली असतील. बॅग जागेवरच होती, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. वकीलबाईंनी सांगितलेला प्रत्यक्ष ताबा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले. तेव्हापासून शस्त्र अंगावर, नाहीतर तिजोरीत.

लग्नकार्याला तर मुळीच नेऊ नये. पाहुणे मिठी मारतात, लहान मुले मांडीवर चढतात, आणि वरातीत कोणीतरी "एक बार काढा की" म्हणतोच. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ पासून आहे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव:

सराफसाहेब, बॅगेबाबत माझे मत पहिल्यापासून तेच होते. मात्र शौचालयाचा प्रसंग कोणी काढला नाही. पट्टा सैल केला की अंगावरचे शस्त्रही खाली घसरते. अशा वेळी ते खिडकीच्या कट्ट्यावर किंवा टाकीवर काढून ठेवू नये, कारण तिथेच ते विसरले जाते. होल्स्टर पट्ट्यालाच राहू द्यावे आणि पट्टा हातात धरून ठेवावा.

अडतवाला, निपाणी:

सर्वांचे आभार. परवाना काढून पाहिला; क्षेत्राच्या रकान्यात फक्त कर्नाटक राज्य आहे. मागच्या आठवड्यात मी कागलला तसाच जाऊन आलो होतो, हे वाचून अंगावर काटा आला. क्षेत्रवाढीचा अर्ज करतो, आणि तोवर तिकडे जाताना शस्त्र घरच्या तिजोरीत राहील. होल्स्टरसाठी कारागिराशीही बोललो आहे. एकच शंका उरली: उन्हाळ्यात घामामुळे चक्रीजवळ तांबूस डाग दिसू लागले आहेत, त्याला काय करावे?

निवृत्त सुभेदार, बेळगाव:

तो गंज आहे. रोज रात्री शस्त्र रिकामे करून कोरड्या सुती फडक्याने पुसावे आणि बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. रात्री ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. काडतुसांना मात्र तेल लागू देऊ नये.